गाडीत वाळू नाही

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे. ट्यूब म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दात घासायची पेस्ट येईल, नाहीतर छतावरचा दिवा. मी त्यांतली नव्हे. मी बसच्या टायरच्या आत बसणारी, काळी, गोल, रबराची ट्यूब. टायर सगळ्यांना दिसतो. त्याच्या नक्षीचं कौतुक होतं, त्याला धुतात, पुसतात. आत कोंडून घेऊन सगळा भार झेलते ती मी, पण माझं नाव निघतं ते पंक्चर झालं तरच. ही मी तक्रार करत नाही. बरं, थोडीशी करते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. एक तापलेला साचा आठवतो, रबराचा उग्र वास आठवतो आणि तपासणीच्या टेबलापाशी बसलेली एक बाई आठवते. तिने मला फुगवलं आणि कान लावून हळूहळू माझ्याभोवती एक फेरी मारली. कुठेही फुस्स आवाज आला नाही. मग तिने माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाली, "पास." आयुष्यात मी दिलेली ती एकुलती एक परीक्षा.

तिथून मी बस डेपोत आले. डेपोतल्या माणसाने माझ्यावर पांढऱ्या रंगाने दहाचा आकडा काढला आणि मला दहा नंबरच्या बसच्या मागच्या डाव्या चाकात बसवलं. मोठ्या गाडीला मागे जोडचाकं असतात, एक बाहेरचं आणि एक आतलं. मी आतल्यात होते. म्हणजे बाहेरचा रस्तासुद्धा मला शेजाऱ्याच्या आडूनच दिसायचा.

पण आमचे ड्रायव्हर मोठे भले होते. रोज गाडी काढण्याआधी ते हातात टॉमी, म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती फिरायचे आणि प्रत्येक चाकावर एक ठोका देऊन कान टवकारायचे. चाकात हवा नीट असेल तर टणक आवाज येतो, कमी असेल तर भद्द. आतल्या चाकाला ठोका द्यायचा तर कमरेत वाकावं लागतं. बदलीवर येणारे ड्रायव्हर कशाला वाकतात? आमचे मात्र रोज वाकायचे. ठोका द्यायचे आणि म्हणायचे, "हं, आहेस ना?" मी माझा टणक आवाज द्यायचे. बत्तीस वर्षं नोकरी केली त्यांनी. त्यांतली शेवटची सात मी त्यांच्याबरोबर होते.

आमचा रस्ता शहरातून निघायचा आणि देशाच्या सीमेवरच्या गेटपाशी संपायचा. लाल-पांढरा आडवा दांडा, अलीकडे एक मोठं झाड आणि झाडाखाली गाडी वळवायला गोल पटांगण. गेटच्या पलीकडे दुसरा देश. आणि तिथून दोन तासांवर समुद्र. सगळे म्हणायचे की तसं ऊन आणि तसं पाणी आपल्याकडे कुठेच नाही. उतारू खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर मोठाल्या टोप्या घालून आमच्या बसमधून उतरायचे, दांड्याखालून पलीकडे जायचे आणि तिकडच्या बसमध्ये बसायचे. आमचे ड्रायव्हर दहा मिनिटं झाडाखाली चहा प्यायचे, "डावीकडे दाब, आता मागे घे," असं स्वतःलाच सांगत गाडी वळवायचे आणि निघायचे परत. दिवसातून दोनदा.

शाळेला सुट्टी लागली की त्यांचा मुलगाही गाडीत असायचा. गाडी वळताना तो मागच्या दारात उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "येऊ द्या! येऊ द्या! बास!" हे मला सांगितलं माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या ट्यूबने. मी आले तोवर तो मुलगा मोठा होऊन स्वतःचं पंक्चरचं दुकान टाकून बसला होता. त्यालाच मी आता मालक म्हणते.

समुद्राला जाणं काही ड्रायव्हरांना जमलं नाही. कधी सुट्टी नाही, कधी घरात आजारपण, कधी नुसता कंटाळा. "जाऊ की पुढच्या वर्षी," असं ते कंडक्टरला दर वर्षी सांगायचे. कंडक्टर म्हणायचा, "तुमचं पुढचं वर्ष भलतंच लांब आहे हो!"

मग ते निवृत्त झाले. तोवर मला अकरा ठिगळं लागली होती. खिळे, काचा, एकदा तर चक्क काटा-चमच्यातला काटा. डेपोने मला भंगारात काढलं, आणि मालकांनी तिथून उचलून दुकानाच्या मागे, बाहेरच्या भिंतीवर एका खुंटीला अडकवलं. म्हणाले, "पडून राहील, कधीतरी कामाला येईल." मी पडून राहिले. काम काही येईना. माझ्या घडीत एका पालीने संसार थाटला. तीन वर्षं कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

मित्रांनो, पंक्चरच्या दुकानात जुन्या ट्यूबचा शेवट कसा होतो, ठाऊक आहे? कात्रीने तिच्या लांबलचक पट्ट्या कापतात. त्या पट्ट्या सायकलवर सामान बांधायला फार छान लागतात. एका सकाळी दूधवाल्याला तशी पट्टी हवी होती. मालकांनी मला खुंटीवरून काढलं, पालीला हुसकलं आणि कात्री हातात घेतली. माझ्या तोंडचं पाणी पळालं, म्हणजे असतं तर पळालं असतं.

"थांब," कोपऱ्यातून आवाज आला. "ती माझ्या गाडीची आहे."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर आमचे ड्रायव्हर बसलेले होते. पण मी त्यांना ओळखलंच नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावा हात जेमतेम हलायचा, डावा पाय फरफटत यायचा. डॉक्टरांचा व्यायाम ते करायचे नाहीत. घरात नुसते बसून राहतात म्हणून मालक त्यांना रोज दुकानात आणून बसवायचे. इथेही ते नुसतेच बसायचे. आता घरात त्यांना सगळे आजोबा म्हणत, फक्त मालक आणि मालकीणबाई अण्णा म्हणत.

"अण्णा, हिचं आता काय करायचंय?" मालकांनी विचारलं.

 आजोबा एखादी चोरी कबूल करावी तसे म्हणाले, "बसच्या ट्यूबमध्ये बसून माणूस समुद्रात तरंगतो म्हणे. उतारू सांगायचे."

मालक हसले. मग त्यांचं हसू थांबलं. कात्री त्यांनी दूधवाल्यासमोरच फळीवर ठेवून दिली आणि त्याला दुसऱ्याच कुठल्यातरी ट्यूबची पट्टी कापून दिली. त्या बिचारीला मी आजही विसरलेले नाही.

आजोबांना समुद्रात जायचं होतं. काठावर बसून बघायला नव्हे, आत जायला. एवढी साधी गोष्ट, पण ती त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "न्या की! पाण्यात पाय हलका होतो, झाला तर फायदाच होईल. पण एकटं सोडू नका. आणि या वयात फार लांबणीवर टाकू नका."

मालकीणबाई शिवणकाम करतात. त्यांना कागदपत्रांची आवड नाही, पण एकदा हातात सुई घेतली की दोरा ओवल्याशिवाय त्या उठत नाहीत. सीमा ओलांडायची परवानगी मिळवायला त्यांना आठ महिने लागले. आठ महिन्यांत त्यांनी सात अर्ज भरले, चौघांचे फोटो तीनदा काढले आणि आजोबांच्या जन्मतारखेवरून एका कारकुनाशी कडाक्याचं भांडण केलं. शेवटी परवानगी आली. पाच दिवसांची, एकदाच जाऊन येण्याची. माझा वॉल्व्ह धातूचा, तो आजोबांना टोचेल म्हणून त्यांनी त्याला कापूस भरून एक गोंडस टोपीही शिवली. माझ्यासाठी कुणी काही शिवावं, हे मला स्वप्नातही सुचलं नसतं.

मालकांनी माझी हवा काढली. आठ महिन्यांपूर्वीच माझी अकराही ठिगळं तपासून झाली होती. मग त्यांनी मला खडूची भुकटी चोपडली, म्हणजे रबराला रबर चिकटत नाही, आणि माझी घडी घालून मला गाडीत ठेवलं. गाडी म्हणजे टायर वाहून नेणारी दुकानाचीच जुनी व्हॅन. पुढे मालक आणि आजोबा, मागे मालकीणबाई आणि भिंगरी. भिंगरी ही मालकांची नऊ वर्षांची मुलगी. एका जागी तीन मिनिटं बसलेली तिला कुणी पाहिलेली नाही, म्हणून हे नाव. मला तिने मांडीवर घेतलं होतं. "आजोबांची गादी आहे ही," असं ती वाटेत प्रत्येक पेट्रोल पंपावर सांगत होती.

निघाल्यापासून मालकीणबाईंची यादी चालू होती. उकडलेली अंडी घेतली, पाव घेतला, अण्णांच्या गोळ्या घेतल्या, टॉवेल घेतले. "अहो, दुकानाला कुलूप लावलं ना?" हे त्यांनी पाचदा विचारलं. मालकांनी चारदा "हो" म्हटलं आणि पाचव्यांदा त्यांनाच शंका आली.  आजोबा मात्र खिडकीतून मागे जाणाऱ्या एकेका थांब्याचं नाव ओठांतल्या ओठांत म्हणत होते. पुढे ऊन लागलं आणि त्यांना डुलकी लागली.

गेट आलं तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. गाडीचा वेग कमी झाला तसे आजोबा जागे झाले. समोर तोच लाल-पांढरा दांडा. बाजूला तेच झाड, तेच पटांगण.

"हां," आजोबा अर्धवट झोपेतच म्हणाले, "डावीकडे दाब. आता मागे घे."

आणि मित्रांनो, मालकांनी डावीकडे दाबून गाडी मागे घेतली! अहो, बापाने त्या जागी गाडी मागे घ्यायला सांगितलं, आणि लहानपणापासून ऐकलेलं ते वाक्य त्यांच्या कानातून थेट हातात उतरलं. डोक्याला कुणी विचारलंच नाही. भिंगरीने मागच्या काचेला नाक लावलं आणि सुरू झाली, "येऊ द्या! येऊ द्या! बास!" शेवटच्या थांब्यावर असंच ओरडतात, हे तिला आजोबांच्या गोष्टींमधून पाठ होतं. मालकीणबाई पिशवीत डोकं घालून गोळ्या शोधत होत्या. गाडी अशी काही सुबक वळली की आजोबांनी "वा!" म्हणून दाद दिली. आणि आम्ही घराकडे तोंड करून उभे राहिलो.

मालक ऐटीत उतरले. समोर जी खिडकी दिसली तिच्यात त्यांनी कागद सरकवले. त्या खिडकीवर 'येणारे' अशी पाटी होती. 'जाणारे' ही पाटी रस्त्याच्या त्या बाजूला होती. आतल्या कारकुनाने मान वर करून गाडीचं तोंड कुठे आहे ते पाहिलं आणि हसून विचारलं, "काय, कसा झाला प्रवास?"

"झकास!" मालक म्हणाले. खोटं नव्हतं ते. तोवरचा प्रवास झकासच झाला होता.

धाड, धाड, धाड, धाड. चार शिक्के उमटले.

कागद पुन्हा पिशवीत ठेवण्याआधी मालकीणबाईंनी ते वाचले. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "इथे लिहिलंय की आपण परत आलो."

"कुठून?"

"समुद्रावरून."

मालकांनी कपाळावर हात मारला. धावत ते पलीकडच्या खिडकीशी गेले. तिथला कारकून कागद उलटेपालटे करून म्हणाला, "तुम्ही आजच परत आलाय. एकदाच जाऊन यायची परवानगी होती, ती संपली. नवा अर्ज करा."

"अहो, पण आम्ही गेलोच नाही!"

"शिक्का तसं म्हणत नाही."

"शिक्का चुकून बसलाय हो! आमची गाडी उलटी उभी होती."

"का उभी होती उलटी?"

 मालक गाडीपाशी आले आणि बॉनेटला टेकून उभे राहिले.  आठ महिने, सात अर्ज. पुन्हा आठ महिने गेले तर आजोबांचा उजवा पायसुद्धा साथ देईल की नाही, हे कुणी सांगावं?

आजोबांना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "चूक माझी आहे. जाऊ दे रे. गेट बघायला मिळालं, खूप झालं. गाडीचं तोंडही घराकडेच आहे. चला."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की भिंगरीला रडू फुटलं. मी तिच्या मांडीवर होते. माझ्या घडीवर तिचे दोन थेंब पडले आणि भुकटीत त्यांचे दोन काळे ठिपके झाले.

रडण्याचा आवाज ऐकून कचेरीतून एक उंच बाई बाहेर आल्या. खांद्यावरच्या पट्ट्यांवरून कळत होतं की इथल्या सगळ्यांत मोठ्या अधिकारी त्याच. त्यांनी आधी कारकुनाचं ऐकलं, मग मालकांचं. मग त्या गाडीपाशी आल्या आणि त्यांनी दार उघडून पायपुसणं उचललं. ते झटकलं. खाली पाहिलं. मग मालकीणबाईंना म्हणाल्या, "चप्पल काढा बघू." चप्पल उलटी करून आपटली. टॉवेलांची घडी उलगडून हुंगली.

"काय शोधताय बाई?" मालकांनी घाबरत विचारलं.

"वाळू," त्या म्हणाल्या. "एकवीस वर्षं आहे मी इथे. तिकडून येणाऱ्या गाडीत वाळू नाही, असं एकदाही झालेलं नाही. लोक पाय धुतात, कपडे झटकतात, शपथा घेतात. तरी वाळू येतेच. आमची झाडूवाली रोज बादलीभर वाळू काढते या आवारातून."

"खरं आहे," आतून आजोबा म्हणाले. "माझ्या कंडक्टरलाही दुसऱ्या फेरीनंतर गाडी झाडावी लागायची."

"हे काय आहे?" बाईंचं बोट माझ्याकडे होतं.

"आजोबांची गादी," भिंगरी हुंदका देत म्हणाली.

बाईंनी मला उचललं. घडीघडीत वाळू साठायला माझ्याइतकी सोयीची जागा साऱ्या गाडीत नव्हती. त्यांनी माझ्या आतल्या घडीत हात घातला, अगदी कोपरापर्यंत, आणि बाहेर काढला. हात पांढराफटक! मागचे दोन शिपाई एकदम पुढे सरकले. सीमेवर पांढरी भुकटी सापडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण मालकांचा चेहरा त्या भुकटीहून पांढरा झाला.

"खडू! खडू आहे हो तो! मी पंक्चरवाला आहे!" ते ओरडले.

बाईंनी हात नाकाशी नेला आणि त्यांना एक जोरदार शिंक आली. मग दुसरी. तिसरीनंतर त्या रुमालाने डोळे पुसत हसायलाच लागल्या. "खडूच आहे," त्या म्हणाल्या. "वाळूचा कण नाही." मग त्या खिडकीशी वाकल्या. "आजोबा, पण गाडी वळवली कशाला?"

"बाई, बत्तीस वर्षं रोज दोनदा इथेच वळवली," आजोबा म्हणाले. "पलीकडे कधी गेलो नाही."

 बाईंनी गाडीच्या टपावरच कागद ठेवून चारही शिक्क्यांवर काट मारली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं. ते मालकीणबाईंनी पुढे मोठ्याने वाचून दाखवलं म्हणून मला पाठ आहे: 'गाडीत वाळू नाही. सबब सदर कुटुंब अद्याप गेलेले नाही. जाऊ द्यावे.'

गाडी पुन्हा वळली. या वेळी कुणीही कुणाला सूचना दिल्या नाहीत. दांडा वर गेला, आणि भिंगरीने कंडक्टरसारखी "टिंग टिंग" अशी डबल बेल दिली. आजोबांनी डोळे मिटले नव्हते. दांडा टपावरून मागे जाईपर्यंत ते मान वर करून बघत होते.

समुद्रावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आणि खरं सांगते, तिथे मला फार लाज वाटली. किनाऱ्यावर गुलाबी बदकं होती, पिवळे पलंग होते, निळे मासे होते, सगळे हवा भरलेले, चकचकीत, कोरे. आणि मालक पायपंपाने मला फुगवत होते. काळी, अकरा ठिगळांची, वॉल्व्हला फुलाफुलांची टोपी. एका मुलाने विचारलंच, "हे काय, टायर?" भिंगरीने कमरेवर हात ठेवून सांगितलं, "दहा नंबरच्या बसची आहे ही. तुझं बदक कितव्या नंबरचं आहे?" तो मुलगा बदकाच्या पोटावर नंबर शोधायला लागला. मला मात्र माझ्या हवेत आणखी थोडी हवा शिरल्यासारखं वाटलं.

आजोबांनी घड्याळ काढून सुनेच्या हातात दिलं, काठी नातीच्या हातात दिली. एका बाजूने मुलगा, एका बाजूने सून. डावा पाय वाळूत रेघ ओढत चालला होता. पहिली लाट पायांवरून गेली तेव्हा ते थांबले. मला वाटलं, घाबरले. पण ते खाली बघत होते. पाण्यात त्यांचा डावा पाय आपोआप थोडा उचलला जात होता.

गुडघाभर पाण्यात त्यांना माझ्यावर बसवलं. पाय एका बाजूने बाहेर, पाठ दुसऱ्या बाजूला. सात वर्षं मी त्यांच्या बसखाली होते, त्यांचं वजन मला नवं नव्हतं, पण असं अंगावर घेतलेलं प्रथमच. मालक मला धरून हळूहळू आत नेऊ लागले. पोहता त्यांना येत नाही. पाण्याची भीती वाटते, हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. पाणी कमरेला लागलं, मग छातीला.  आजोबा उजव्या हाताने पाणी चाचपत होते आणि ऊन त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मित्रांनो, पंक्चर कसं शोधतात, ते बघितलंय? ट्यूबमध्ये हवा भरतात आणि ती पाण्याच्या टबात दाबून बघतात. जिथून बुडबुडे येतात तिथे भोक. मालकांनी आयुष्यभर दुसरं काहीच केलेलं नाही. म्हणून आजूबाजूला एवढा फेस, एवढ्या लाटा असूनही त्यांना ते दिसलं. माझ्या अकराव्या ठिगळाच्या कडेतून बारीक बुडबुड्यांची एक रांग वर येत होती.

मला ते त्यांच्या आधी कळलं होतं. दिवसभराच्या उन्हाने त्या ठिगळाची कड उचकटली होती. मी जीव तोडून हवा आवरून धरत होते, पण आवरून धरायला ट्यूबला हात नसतात. आता सगळं संपलं, असंच मला वाटलं. ज्या एका कामासाठी मला कात्रीतून सोडवलं, त्यातच मी हवा सोडत होते.

मालकांनी किनाऱ्याकडे पाहिलं. मग वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि पाण्याखाली हात घालून त्यांनी आपला अंगठा त्या ठिगळाच्या कडेवर दाबून धरला. बुडबुडे थांबले.

मग ते तसेच उभे राहिले. लाट आली की टाचा उंचावायचे, नाकातोंडात पाणी जायचं, पण अंगठा हलला नाही. मालकीणबाईंनी काठावरून हाका मारल्या, "अहो, दमलात! या आता!" ते म्हणाले, "जरा वेळ." पुन्हा हाक आली. पुन्हा "जरा वेळ."

बऱ्याच वेळाने आजोबा म्हणाले, "अंगठा आखडला असेल ना?"

मालक दचकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"बत्तीस वर्षं चाकांवर बसून काढलीत रे. कुठल्या चाकातली हवा चाललीये, ते मला बसल्या जागी कळतं."

"मग बोलला का नाहीत, अण्णा?"

"बोललो असतो तर तू मला बाहेर काढलं असतंस."

मालक हसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. समुद्रात ते कुणाला दिसणार?

"हात बदल," आजोबा म्हणाले. "आणि जमत असेल तर अजून थोडं पुढे घे."

मालकांनी हात बदलला, आणि ज्या पाण्याची त्यांना भीती वाटत होती त्यात ते आणखी दोन पावलं पुढे गेले.

नंतरचे चार दिवस आम्ही रोज पाण्यात होतो. पहिल्याच संध्याकाळी बाराव्या ठिगळाची तयारी झाली, आणि ते आजोबांनी स्वतः लावलं. उजव्या हाताने घासलं, डाव्या हाताने नुसतं दाबून धरलं. त्या हाताने इतका वेळ काही धरून ठेवल्याचं दोन वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. आता ते दुकानात रोज दोन-तीन ठिगळं लावतात, आणि डॉक्टरांचा व्यायाम करतात तोही न सांगता. मी पुन्हा खुंटीवर आहे, पण आता पुढच्या भिंतीवरच्या. भिंगरी आल्यागेल्याला माझी ओळख करून देते. पाल परत आली होती, तिला तिने दुसरी जागा दाखवली.

तर मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, तर कात्री उचलण्याआधी ती एकदा पाण्यात धरून बघा. बहुतेक वेळा एका ठिगळाचंच काम असतं. आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, "तुम्हाला कुठे जायचं राहिलंय?" पहिल्यांदा ते "कुठे नाही" म्हणतील. तिथून उठू नका, शेजारी बसून राहा. आमच्या आजोबांना हे कुणीच विचारलं नव्हतं. माझं निमित्त झालं म्हणून ते बोलले. तुम्ही निमित्ताची वाट बघू नका, आज घरी गेल्या गेल्या विचारा.